निकाल लागेपर्यंत

जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या एका बुकीच्या घरावर छापा टाकला आणि कोट्यवधींची रोकड, सोनं आणि चांदी जप्त केली. नागपुरातल्या एका व्यापाऱ्याची तक्रार होती: ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गेले. तक्रारीतला घटनाक्रम लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. व्यापारी आधी तयार नव्हता. मग त्याने आठ लाख रुपये दिले. व्हॉट्सअॅपवर लिंक आली, खातं उघडलं, खात्यात आठ लाख दिसू लागले. सुरुवातीचे डाव तो जिंकला. नंतर जी घसरगुंडी लागली ती थांबलीच नाही. जिंकलेली रक्कम पाच कोटींच्या आसपास, हरलेली ५८ कोटी. खेळच आतून फिरवलेला असावा, असा पोलिसांचा संशय होता. छापा पडला तेव्हा आरोपी दुबईला निघून गेला होता.

त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, गोंदियाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात लांजी भागात ‘डबल मनी’चं प्रकरण उघडकीला आलं. पैसे जमा करा, थोड्या महिन्यांत दुप्पट घेऊन जा, असा तो वायदा होता. पोलिसांनी धरपकड केली आणि सुमारे दहा कोटींची रोकड पकडली. १९७८ पासून देशात अशा योजनांवर कायद्याने बंदी आहे. तरी गावागावांतून पैसा जमत राहिला, कारण आधी भरणाऱ्या काहींना दुप्पट रक्कम मिळाली की पुढच्यांना वेगळी जाहिरात लागत नाही.

लांजीच्या उत्तरेला डोंगर चढून गेलं की बैहर, मलाजखंडची तांब्याची खाण आणि बिरसा तालुका लागतो. पलीकडे छत्तीसगड. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्याचा भाग होता, आणि आजही बाजार, नातीगोती, दवाखाना यांसाठी माणसं गोंदिया-नागपूरकडे येतात. इथल्या घराकडे वर्षातून दोन-तीनदाच मोठी रोकड येते: धान विकल्यावर, तेंदूपत्ता तोडल्यावर, थोडी मोहाची. बाकी वर्ष मजुरीवर. धानाचं काय होणार हे पाऊस ठरवतो. असं आयुष्य ज्यांच्या वाट्याला आलं त्यांना ‘नशिबावर कशाला विसंबता’ असं शहरात बसून सांगणं अन्यायाचं आहे. पेरणीसुद्धा आशेवरच होते. फरक एवढाच की धानाचा निकाल चार-पाच महिन्यांनी लागतो, आणि तोवर माणूस शेतात राबत असतो.

लॉटरी, मटका आणि मोबाइलवरचे खेळ यांच्याकडे याच बाजूने पाहायला हवं. पैसा किती लावला हे सगळेच विचारतात. निकाल किती वेळाने लागतो, हे फारसं कोणी विचारत नाही. नुकसानाचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. मटका आणि बेकायदा जुगार यांच्याकडे वळलेल्या लोकांना सरकारी, खात्रीचा पर्याय द्यावा, हा तिचा एक जाहीर हेतू होता. तेव्हा मुंबईत मटका जोरात होता. त्याची सुरुवात कापसापासून झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईत तारेने येत, आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे बंद झाले, तेव्हा पैजा चालू ठेवायला आकडे दुसरीकडून काढावे लागले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. गिरणगावातल्या कामगारांनी तो चालवला असं म्हटलं तरी चालेल.

मटक्याची रीत साधी आहे. तीन पत्ते काढायचे, समजा २, ५ आणि ९. बेरीज १६, शेवटचा आकडा ६, हा ओपन. नंतर पुन्हा तीन पत्ते, १, ४ आणि ८. बेरीज १३, आकडा ३, हा क्लोज. दोन्ही मिळून जोडी ६३. एका आकड्याला रुपयाला नऊ आणि जोडीला रुपयाला नव्वद हा रूढ भाव. विदर्भात आणि बालाघाटच्या पट्ट्यात याला सट्टापट्टी म्हणतात आणि पैसे घेणाऱ्याला खाईवाल.

आता जरा हिशेब करू. आकडे दहा आणि भाव नऊचा, जोड्या शंभर आणि भाव नव्वदचा. म्हणजे लावलेल्या शंभर रुपयांतले सरासरी दहा खाईवालाकडे राहतात. दहा टक्के कपात ऐकायला मोठी वाटत नाही. कित्येक लॉटऱ्या तिकिटाच्या पैशातून याहून कितीतरी जास्त काढून घेतात. पण ही कपात दर डावाला होते. हातातले शंभर रुपये पूर्णच्या पूर्ण पुन्हा लावत गेलं, तर दहा डावांनंतर सरासरी पस्तीसच उरतात. कोणी जास्त जिंकेल, कोणी सगळे घालवेल; हजार माणसांचा मिळून हिशेब केला तर तो पस्तिसाच्या जवळपास येईल. हे दहा डाव आठवड्याला एक असे झाले तर अडीच महिने जातात. दरम्यान घरात किराणा भरला जातो, मुलाची फी जाते, बायकोशी दोन शब्द होतात, पगार येतो. माणसाला थांबायला दहा संधी मिळतात. मटक्याचे रोज दोन निकाल धरले तर पाच दिवस. मोबाइलवर दहा मिनिटंही पुरतात.

संसदेला हे कळलं होतं, असं १९९८ चा लॉटरी नियमन कायदा वाचताना जाणवतं. एकाच आकड्यावर बक्षीस द्यायचं नाही. एका लॉटरीची आठवड्यातून एकाहून जास्त सोडत काढायची नाही. बंपर सोडती वर्षाला सहाच. त्याआधीच्या दशकात एक आकडी लॉटरीने महाराष्ट्रातल्या शहरांत किती घरं बसली, हे त्या काळातली माणसं अजून सांगतात: दिवसभर निकाल, दिवसभर तिकिटं, आणि स्टॉलपुढे हटायचं नाव न घेणारी गर्दी. कायद्याने त्या गर्दीला आठवडाभर लांब ठेवायचा प्रयत्न केला. राज्यांनी वाट काढली. केरळात सात वेगवेगळ्या नावांच्या साप्ताहिक लॉटऱ्या आहेत, वाराला एक. प्रत्येक लॉटरी आठवड्यातून एकदाच निघते आणि सोडत मात्र रोज असते. नियम अक्षरशः पाळला गेला, त्याचा प्राण मात्र गेला.

तरीही कागदी तिकिटाचा एक गुण मान्य करायला हवा. वर्षातून एकदा दिवाळी किंवा गुढीपाडव्याच्या बंपरचं तिकीट घेणारा माणूस खरं म्हणजे बक्षीस विकत घेत नाही. तो निकालापर्यंतचे दिवस विकत घेतो. त्या दिवसांत घराचं छप्पर, मुलीचं शिक्षण, सावकाराचं देणं, सगळ्याचा मनात हिशेब लागतो. ते पैसे सिनेमाच्या तिकिटासारखे खर्ची टाकले असतील, तर त्यात वावगं काही नाही. अडचण येते ती त्या बक्षिसाच्या भरवशावर उधार घेतलं की.

आणि बक्षीस लागण्याची शक्यता तरी किती? केरळच्या २०२२ च्या ओणम बंपरचं पहिलं बक्षीस २५ कोटींचं होतं, तिकीट ५०० रुपयांचं, आणि ६६ लाखांहून जास्त तिकिटं खपली. २०११ च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाख होती. म्हणजे बालाघाटएवढ्या चार जिल्ह्यांतल्या प्रत्येक माणसाची, तान्ह्या बाळासकट, एकेक चिठ्ठी टाकायची आणि त्यातून एकच काढायची. ती आपली निघेल असं वाटणं हा माणसाचा स्वभाव आहे. ती निघणार असं धरून चालणं मात्र घर बुडवतं.

त्या वर्षी ती चिठ्ठी तिरुवनंतपुरममधल्या एका रिक्षाचालकाची निघाली. सोडतीच्या आदल्या रात्री त्याने मुलाचा गल्ला फोडून तिकिटाचे पैसे जमवले होते. स्वयंपाकी म्हणून मलेशियाला जायचं म्हणून तो कर्जाच्या खटपटीत होता. कर आणि एजंटचं कमिशन जाऊन त्याच्या वाट्याला पावणेसोळा कोटी येणार होते. आठवडाभरात त्याने जाहीरपणे सांगितलं की हे बक्षीस लागलं नसतं तर बरं झालं असतं. मदत मागणाऱ्यांची दारात रीघ लागली होती आणि त्याला घर सोडून राहावं लागत होतं.

अशा गोष्टी ऐकल्या की ‘पैशाने सुख मिळत नाही’ असं म्हणायचा मोह होतो. अभ्यास मात्र तेवढा सरळ निष्कर्ष देत नाहीत. १९७८ मध्ये अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी इलिनॉय लॉटरीच्या २२ विजेत्यांची इतरांशी तुलना केली. विजेते फारसे जास्त सुखी आढळले नाहीत, आणि रोजच्या लहानसहान गोष्टींतला त्यांचा आनंद कमी झाला होता. हा अभ्यास जगभर गाजला, पण त्यात माणसं फार थोडी होती. २०२० मध्ये स्वीडनमधला बराच मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मोठं बक्षीस मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलं दिसलं. तेव्हा बक्षीस वाईट असतं असं म्हणून कोणाला लॉटरीपासून परावृत्त करता येणार नाही. बक्षीस चांगलंच असतं. ते जवळपास कोणालाच मिळत नाही.

मग इतकी माणसं पुन्हा पुन्हा का लावतात? १९७५ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलन लँगर यांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. कार्यालयांत काम करणाऱ्या लोकांना एक डॉलरची लॉटरीची तिकिटं विकली. काहींना तिकीट स्वतः निवडू दिलं, काहींच्या हातात नुसतं दिलं. नंतर विचारलं, तुमचं तिकीट आम्हाला विकाल का? दिलेलं तिकीट असणाऱ्यांनी सरासरी दोन डॉलरच्या आतबाहेर किंमत सांगितली, निवडलेलं असणाऱ्यांनी साडेआठ डॉलरच्या वर. तिकिटांची लायकी सारखीच होती. आपल्याकडे स्वप्नात दिसलेला साप, नव्या गाडीचा नंबर, मुलाची जन्मतारीख यांवरून आकडा काढणारा माणूस हेच करत असतो. आकडा स्वतःचा झाला की तो सोडवत नाही.

दुसरी गोष्ट हुकण्याची. ६३ लावला आणि ६४ आला की माणूस ‘एका घराने गेला’ म्हणतो. गणिताच्या दृष्टीने ६४ आला काय आणि १७ आला काय, हार तीच. पण २००९ मध्ये केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क यांच्या गटाने मेंदूच्या चित्रणातून दाखवलं की थोडक्यात हुकलेला डाव मेंदूचे असे काही भाग जागे करतो, जे जिंकल्यावर जागे होतात. खेळणाऱ्याला तो अनुभव सुखाचा वाटत नाही, तरी पुन्हा खेळायची इच्छा वाढते. त्याआधी वोल्फ्राम शुल्त्स यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की एकदा खूण ओळखीची झाली की डोपामिनच्या पेशी फळांचा रस तोंडात पडताना उत्तेजित होत नाहीत. रस येणार असं सांगणारी खूण दिसली की होतात. मेंदूची उसळी मिळण्याआधीच येऊन जाते. ज्याच्या हातात ती खूण, त्याच्या हातात खेळणारा.

मोबाइलवरच्या खेळांनी ही खूण शास्त्रशुद्धपणे हाताळली आहे. फ्री फायरसारख्या खेळांत रुपये देऊन हिरे घ्यायचे आणि त्या हिऱ्यांवर नशिबाचं चक्र फिरवायचं, हे आज आठवी-नववीच्या मुलाला कोणी शिकवावं लागत नाही. चक्र जोरात फिरतं, मंदावतं, हव्या असलेल्या पोशाखाच्या घरापाशी येतं आणि एक घर पुढे सरकतं. ते मंदावणं पडद्यावरचं चित्र आहे. काय मिळणार हे सर्व्हरने बटण दाबताक्षणीच ठरवलेलं असतं. उरलेले दोन-तीन सेकंद फक्त आशेसाठी राखून ठेवलेले असतात. रुपयांचे आधी हिरे केल्यामुळे खर्च किती झाला हेही चटकन ध्यानात येत नाही.

खेळ बनवणारे सगळेच लबाड असतात असं नाही, आणि हे सांगणं गरजेचं आहे. सिव्हिलायझेशन या खेळाचे जनक सिड मायर यांनी २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या परिषदेत आपली अडचण सांगितली होती. लढाईत जिंकण्याचं प्रमाण तीनास एक असं दाखवलं की खेळाडू धरूनच चालतो की आपण जिंकणार. चारातला एक डाव हरला की खेळ खोटा आहे म्हणून चिडतो. उलट एकास तीन असताना जिंकला तर तक्रार करत नाही. अखेर त्यांनी खेळाडूच्या समजुतीला जुळेल असं गणितच बदललं. जपानी फायर एम्ब्लेमच्या अनेक खेळांत पडद्यावर ९० टक्के नेम दिसतो तेव्हा खरा नेम ९८ टक्क्यांचा असतो. दहातला एक वार चुकला तर तो अनेकदा चुकल्यासारखा वाटतो, म्हणून. पैसा गुंतलेला नसेल तर ही खेळाडूची मर्जी सांभाळणं झालं, आणि त्यातून खेळ रंगतो. पण अशा खेळांत वाढलेला मुलगा मनात एक चुकीचं गणित घेऊन मोठा होतो: नव्वद म्हणजे नक्की. पैसे लावताना ते गणित त्याच्या अंगाशी येतं.

गेनशिन इम्पॅक्ट या खेळात सर्वांत दुर्मीळ पात्र मिळण्याचं मूळ प्रमाण ०.६ टक्के आहे, मात्र नव्वदाव्या खेपेला ते मिळणारच अशी हमी आहे. निराशेला मर्यादा घातली, हे चांगलं. पण सत्तर खेपा झालेल्या मुलाला ‘आता थांब’ म्हणून पाहा. ‘आता फक्त वीस राहिल्या’ हेच उत्तर येईल. चीनने २०१७ मध्ये अशा खेळांतल्या नशिबाच्या पेट्यांमधलं (लूट बॉक्स) प्रमाण जाहीर करणं कंपन्यांना भाग पाडलं. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन उघडल्या जाणाऱ्या पेट्या सरळ जुगारात काढल्या.

मध्य प्रदेशाने अशा खेळांची फार मोठी किंमत मोजली आहे. जुलै २०२१ मध्ये छतरपूरमधल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने मोबाइलवरच्या खेळात घरचे सुमारे ४० हजार रुपये गेल्यानंतर जीव दिला. जाताना त्याने आईची माफी मागितली होती. माफी त्या मुलाने मागायची नव्हती.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे योग्य झालं. देशात ४५ कोटी लोक अशा खेळांत वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये घालवतात, असा अंदाज सरकारने तेव्हा दिला होता. ड्रीम११ सारख्या कंपन्यांनी पैशाच्या स्पर्धा थांबवल्या. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका स्वतःकडे घेतल्या. पण गोंदियाच्या प्रकरणातली लिंक कुठल्या नोंदणीकृत कंपनीची नव्हती. ती व्हॉट्सअॅपवर आली होती. तशा लिंका बंदीनंतरही येत राहतात, आणि मोठ्या कंपन्यांची दारं बंद झाल्यावर त्यांच्याकडे वळणारी माणसंही असतील.

म्हणून घरातली काळजी घरालाच घ्यावी लागेल, आणि ती वेळेपासून सुरू करावी. लावलेल्या रकमेचा निकाल मिनिटभरात लागत असेल, तर तिथे पैसे घालूच नयेत. धानाचे किंवा तेंदूपत्त्याचे पैसे खात्यात आले की यूपीआयची रोजची मर्यादा बँकेत सांगून कमी करता येते. मुलाच्या हातातल्या फोनला वडिलांचं खातं जोडलेलं नसावं. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा; पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. हरलेला माणूस घरात गप्प गप्प राहू लागला तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तो विनाशुल्क आहे आणि दिवसरात्र चालतो. हरल्याची लाज वाटून माणसं हे फोन करत नाहीत. घरच्यांनी करावेत.

शाळेलाही यात काम आहे. दहावीच्या गणितात संभाव्यतेचा धडा आहे. त्यात नाणी उडतात, फासे पडतात, आणि परीक्षा झाली की मुलं तो विसरतात. शिक्षकांनी एका डब्यात शंभर चिठ्ठ्या ठेवाव्यात आणि एकीवर खूण करावी. प्रत्येक मुलाने शंभर वेळा चिठ्ठी काढायची आणि दर वेळी परत टाकून डबा हलवायचा. एक टक्का प्रमाण आणि शंभर खेपा, म्हणजे खुणेची चिठ्ठी एकदा तरी येणारच, असं जवळजवळ सगळी मुलं आधी सांगतील. चाळीस मुलांच्या वर्गात साधारण चौदा-पंधरा मुलांना ती एकदाही मिळणार नाही. फळ्यावर त्यांची नावं लिहावीत, दर खेपेला दहा रुपये धरून खर्च मांडावा आणि दुसऱ्या दिवशी हाच प्रयोग पुन्हा करावा. या वेळी नावं बरीचशी वेगळी असतील, आकडा मात्र पंधराच्या आसपासच येईल.